उत्तरेची पायरी

आमच्या देवळाला दार नव्हते. देऊळ म्हणजे ख्रिस्ती उपासनेचे मंदिर. ‘चर्च’ हा शब्द आमच्या आळीत फार उशिरा आला, आणि आला तो भांडण घेऊनच आला. रहिमतपूर स्टेशनात उतरून बैलगाडीने उसाच्या मळ्यांमधून गावाकडे येऊ लागले की प्रथम त्याचे शिखर दिसे: आठ पैलूंचे, विटांचे, चुन्याचा गिलावा दिलेले, वर कळस आणि कळसावर क्रूस. परका माणूस गाडीतूनच हात जोडी आणि मग गाडीवानाला विचारी, “कुणाचं रं देऊळ ह्ये?” गाडीवान सांगे, “येशूचं.” त्यावर जोडलेले हात तसेच ठेवायचे की खाली घ्यायचे, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर असे. माझे वडील त्या देवळाचे पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, होते. ते म्हणत, बहुतेक जण तसेच ठेवतात. एकदा जोडलेले हात सोडायला माणसाला संकोच वाटतो.

आता वयाची ऐंशी ओलांडल्यावर डोळे मिटून बसले की ते देऊळ मला आधी दिसत नाही, ऐकू येते. रविवारी उन्हे उतरली की गंगूआई मंडपातले जाजम उचलून पायरीवर झटके, त्याचा फटफट आवाज. ती आमच्या मंडळीतली, म्हणजे या देवळाच्या ख्रिस्ती समाजातली, सर्वांत वृद्ध बाई. देवळाची झाडलोट तिने कुणी न सांगता आपल्याकडे घेतली होती. मग खांबांच्या माथ्यांवर बसलेल्या पारव्यांचे घुमणे, बाबांनी पेटीचा भाता उघडला की निघणारा सुस्कारा, आणि या सगळ्यांच्या खाली दूरच्या गुऱ्हाळातली चरकाची कुरकुर. मंडप तिन्ही बाजूंनी उघडा असल्यामुळे गावाचे सगळे आवाज आत येत आणि आतले सगळे बाहेर जात. कीर्तन ऐन रंगात असताना शेजारच्या गोठ्यातली म्हैस हंबरली तर बाबा टाळ थांबवून, “तिचं होऊ द्या,” असे म्हणत. आणि तिचे झाले की आख्यान जिथे सोडले होते तिथूनच पुढे चालू होई.

देवळाची रचना सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. कमरेइतक्या उंच काळ्या दगडाच्या जोत्यावर मंडप होता. खांब खाली चौकोनी, मधे आठ बाजूंचे आणि माथ्याशी गोल, जसे आपल्याकडच्या जुन्या शिवालयांत असतात तसे. फक्त त्यांवर कीर्तिमुखाच्या जागी द्राक्षांचे घोस कोरलेले होते. पश्चिमेला पवित्रस्थान, गाभाऱ्यासारखे लहान आणि किंचित अंधारे. उरलेल्या तिन्ही बाजूंना भिंत नाही, कठडा नाही. जोत्यावरून उतरणाऱ्या लांबच लांब पायऱ्या आणि वर त्यांच्यावर सावली धरणारा छज्जा. अंगणात दीपमाळ होती आणि नाताळात तिच्यावर पणत्या लागत. आत जाताना चपला खाली काढायच्या, मांडी घालून जाजमावर बसायचे. मला वाटे, जगातली सगळी ख्रिस्ती मंदिरे अशीच असणार.

हे देऊळ ज्यांनी उभारले ते गोरे मिशनरी माझ्या जन्माआधीच निवर्तले होते. आळीत त्यांना नुसते ‘मोठे साहेब’ म्हणत. त्यांच्या बरोबरीचे इतर साहेब मोठमोठ्या शहरांत टोकदार कमानींची, उंच मनोऱ्यांची, त्यांच्या मुलुखातल्यासारखी चर्चे बांधत असताना हे गृहस्थ कागदाची भेंडोळी घेऊन कृष्णाकाठची जुनी देवळे पाहत हिंडत. त्यांनाही गाभाऱ्यात कुणी जाऊ देत नसे. पायरीवर बसून जेवढे दिसेल तेवढे ते रेखाटून घेत. बाबा हसून म्हणत, “म्हणूनच आपल्या देवळाच्या पायऱ्या एवढ्या ऐसपैस आहेत. साहेबांनी देऊळ पाहिलं ते पायरीवरूनच.”

पुढे सांगलीत मी संस्कृत शिकवू लागले तेव्हा या विषयावर जे हाताला लागेल ते वाचत गेले. विलायतेत त्या काळी गिरण्यांच्या धुराला विटलेली माणसे कित्येक शतकांमागच्या टोकदार कमानींकडे मोठ्या भक्तीने परत वळली होती. त्यांना वाटे, त्या कमानी जेव्हा प्रथम उभ्या राहिल्या तेव्हा श्रद्धा निर्मळ होती. त्या भक्तीतूनच आपल्याकडची गॉथिक चर्चे, स्टेशने आणि कचेऱ्या बांधल्या गेल्या. कुणी त्यांत घुमट आणि मिनार मिसळले. आणि आमच्या साहेबांसारखे एखाददुसरे इथल्या मंडप-शिखरांकडे वळले. सारेच आपापल्या परीने जीर्णोद्धार करू पाहत होते. फरक इतकाच, की ज्यांच्यासाठी ते बांधायचे त्यांना त्या जुन्या काळाची आठवण कशी आहे, हे बहुधा कुणी विचारले नाही. आमच्या साहेबांनीही विचारले नसावे.

आमच्या मंडळीत पाचपंचवीस घरे. बहुतेकांच्या आज्या-पणज्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत जन्मलेल्या, आणि तिथूनच या धर्मात आलेल्या. आमचे घर तेवढे निराळे. बाबांचे आजोबा ब्राह्मण असताना ख्रिस्ती झाले, आपल्या माणसांना कायमचे अंतरले, आणि घरातून निघताना सोबत त्यांनी फक्त पाठ असलेले श्लोक आणले. ते श्लोक बाबांच्या कीर्तनात उतरत. पूर्वरंगात एखादा श्लोक, त्याचे मराठीत निरूपण, आणि मग उत्तररंगात हरवलेले मेंढरू शोधायला निघालेल्या धन्याचे आख्यान. माण-खटावकडची मेंढपाळ माणसे वाड्यावस्त्या हिंडत आमच्या शिवारात उतरली की तीही घोंगडी पांघरून दक्षिणेच्या पायऱ्यांवर येऊन बसत, आणि मेंढरू सापडले की मोठ्याने “हां!” म्हणत. गावातले सुतार, तेली, इनामदारांकडचा दिवाणजी, कोण कोण पायऱ्यांवर असे. मंडपात आमची मंडळी, पायऱ्यांवर गाव. पायरीवर बसलेल्याला कुणी ‘आत या’ म्हणत नसे, आणि ‘इथे का बसलात’ असेही विचारत नसे.

उत्तरेच्या पायरीवर, जिथे दुपारनंतरही ऊन येत नसे तिथे, तात्याशास्त्री बसत. हायस्कुलात संस्कृत शिकवून ते निवृत्त झाले होते. लहानशी मूर्ती, स्वच्छ उपरणे, आणि तिन्ही ऋतूंत काखेत छत्री. प्रथम ते कीर्तनाला आले ते, मला वाटते, बाबांच्या उच्चारांची परीक्षा घ्यायला. कीर्तन संपल्यावर बाबा पायरीपाशी जाऊन उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, “शास्त्रीबुवा, काही चुकलं का?”

“चुकलं नाही, पाळकसाहेब. फक्त विसर्गाला आपण फार घाईनं निरोप देता,” शास्त्रीबुवा म्हणाले. “आणि ते मेंढरू आज फार लवकर सापडलं. थोडं अजून हरवलेलं राहू द्या.”

त्या दिवसापासून त्यांचा आणि बाबांचा स्नेह जडला, तो पायरीवरचा स्नेह. शास्त्रीबुवांच्या घरी त्यांची थोरली विधवा बहीण कडक सोवळ्यात असे; आमच्यापैकी कुणाला त्या ओसरीवर बोलावणे त्यांना शक्य नव्हते. आमच्या घरी किंवा मंडपात पाऊल घालणे त्यांना स्वतःला शक्य नव्हते, किंवा तेव्हा तरी ते तसे मानीत. साऱ्या गावात ती दोन माणसे शेजारी शेजारी बसतील अशी जागा तेवढी एक होती. तिथेच एकदा बाबांनी भीत भीत विचारले, “आमच्या करुणेला संस्कृताची फार ओढ आहे. शिकवाल का?” शास्त्रीबुवांनी माझ्याकडे पाहिले, छत्री पायरीवर आडवी ठेवली आणि म्हणाले, “शनिवारी तिसऱ्या प्रहरी. पाय धुऊन ये.”

शिष्येने गुरूच्या खालच्या बाजूस बसावे हे उचित. पण खालची पायरी मातीने भरलेली, आणि मी वरच्या पायरीवर बसले तर गुरू खाली होणार. म्हणून आम्ही एकाच पायरीवर बसत असू, मधे ती आडवी छत्री. रामः रामौ रामाः. माझा आवाज छज्ज्याला लागून परत येई आणि पारवे उडत. शास्त्रीबुवा रागावत नसत. रूप चुकले की डोळे मिटून घेत आणि बरोबर येईपर्यंत उघडत नसत. कधी कधी मला वाटे, ते झोपी गेले. मग मी मुद्दाम आणखी एक चूक करून पाही, तर मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणत, “करुणे, मी जागा आहे. तुझं षष्ठीचं बहुवचन मात्र निजलं आहे.”

त्यांच्यापुढे काय ठेवायचे हा माझ्या आईचा दर शनिवारचा प्रश्न असे. आमच्या घरी नेहमीचे म्हणजे ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, लसणीची चटणी. पण आमच्या चुलीवरचे त्यांना चालत नसे, आणि पाहुण्याला रिकामा बसवणे आईला चालत नसे. तिनेच तोड काढली. केळी, पेरू, न सोललेल्या भुईमुगाच्या शेंगा, उसाचे पेर. ताट पुढे करून ती पदर सावरत म्हणे, “देवानं ज्याला साल दिलीय तेवढंच आणलंय, शास्त्रीबुवा. आमचा हात लागला तो सालीला.” पहिल्यांदा हे ऐकून ते इतके हसले की त्यांचे उपरणे घसरले. शेंगा मात्र त्यांनी एक एक सोलून खाल्ल्या, आणि टरफले उपरण्याच्या टोकात बांधून घेऊन गेले, पायरीवर कचरा नको म्हणून.

आमच्या आळीत शमुवेलकाका हवालदार म्हणून मानाचे गृहस्थ होते. दुसऱ्या महायुद्धात ते पलटणीबरोबर इटलीपर्यंत जाऊन आले होते. उंच, पिळदार मिशांचे, उपासनेला इस्त्रीचा सदरा घालून येणारे. तिकडची चर्चे त्यांनी पाहिली होती, आणि पाहिली ती नुसती बाहेरून नव्हे. एका चर्चच्या दाराशी कुणी म्हाताऱ्या इटालियन बाईने त्यांच्या हाताला धरून त्यांना आत नेले आणि पहिल्या बाकावर बसवले, ही गोष्ट ते शेकडो वेळा सांगत आणि दर वेळी त्या जागी त्यांचा आवाज बदले. कमानी कशा होत्या ते दाखवताना ते दोन्ही तळवे उंच धरून बोटांची टोके एकमेकांना लावत. “अशा! अशा वर टोकाला जात्यात, पाळकसाहेब.” बाबा म्हणत, “शमुवेल, हा तर नमस्कार झाला.” “त्येच तर म्हन्तोय म्या! सगळं चर्चच नमस्कार करतंय तितं.”

त्यांची मुलगी रूथ माझी मैत्रीण. तिचे लग्न सांगलीच्या मुलाशी ठरले आणि सांगलीचे वऱ्हाड रेल्वेने येऊन आमच्या देवळापुढे उतरले. रूथ पांढऱ्या साडीत, डोईवर जाळीचा पदर, मोगऱ्याच्या वासात गुदमरलेली. वराची आत्या शहरातल्या, बाकांच्या आणि मनोऱ्याच्या चर्चमधे वाढलेली. पायरीशी कुणी तिला चपला काढायला सांगितल्या, तशी ती थबकली, शिखराकडे पाहिले, दीपमाळेकडे पाहिले आणि चांगल्या मोठ्याने म्हणाली, “अगं बाई, लग्न चर्चमधे आहे म्हणाला होतात ना? हे तर महादेवाचं देऊळ दिसतंय. नंदी कुठं बांधलाय?”

वऱ्हाड हसले. पायऱ्यांवर लग्न बघायला जमलेले गावही हसले. त्यांचे हसणे निर्व्याज होते, पण हसणेच ते. मी शमुवेलकाकांच्या जवळ उभी होते. त्यांनी मिशीला हात लावला, आणि तो हात मिशीवरच राहिला. जेवणावळीत बुंदी आणि मटण वाढताना ते प्रत्येकाला आग्रह करत होते, पण स्वतः जेवले नाहीत.

रूथ सासरी गेल्यानंतरच्या रविवारी उपासना संपली तरी शमुवेलकाका उठले नाहीत. “मंडळीशी बोलायचं हाय,” म्हणाले. ते बोलले ते असे. “आमच्या आज्ज्याला गावच्या देवळाच्या पायरीला शिवू देत न्हवती मानसं. सावली पडली तर शिव्या. म्हनून त्यो येशूकडं आला. आन सायबानं काय केलं? पुन्ना त्याच्यापुढं देऊळच बांधून ठिवलं! आवं, आमी देऊळ मागं टाकून आलो, पाळकसाहेब. पोरीच्या लग्नात मला कळलं, ह्ये अजून आमच्या डोक्यावं हाय. मला चर्च पायजे. भिंतीचं, कमानीचं, दाराचं. बघितल्याबरूबर लोकानं म्हनलं पायजे, ह्येंचं ह्ये.”

मग खांबाला टेकून बसलेली गंगूआई बोलली. मोठ्या साहेबांच्या वेळी परकरातली पोर असताना तिने या जोत्याचे दगड डोक्यावरून वाहिले होते. “तुजा आज्जा माज्याम्होरं दगूड उचलत व्हता, शमू. लय खूस व्हता त्यो. म्हनायचा, गंगे, आपल्याला देवळात घेत न्हाईत तर न्हाई, आपून देऊळच आपल्याकडं आनलं. आन आता बघ की, शास्त्रीबुवा भाईर बसत्यात आन म्या आत!” ती बोळक्या तोंडाने हसली आणि सगळे हसले.

शमुवेलकाका हसले नाहीत. “आये, शास्त्रीबुवा भाईर बसत्यात कारन त्यास्नी आत यायचं न्हाई. पायरी त्यास्नी सोयीची हाय. ऐकायचं, शेंगा खायाच्या, आन कवाबी उठून जायाचं. ज्येला यायचं त्येनं दारातनं यावं. ज्येला न्हाई यायचं त्येनं येऊ नये. पर आमाला पायरीवरनं बघनं आता बास.”

बाबा मान खाली घालून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहत होते. पायऱ्या गेल्या तर माझे शनिवार जातील आणि बाबांचा मित्र जाईल, हे आम्हा दोघांनाही त्या क्षणी दिसत होते. मला वाटले, बाबा काहीतरी बोलतील; त्यांना बोलता येई, बोलणे हा त्यांचा धर्मच होता. पण ते एवढेच म्हणाले, “मंडळीची इच्छा असेल तसं होऊ दे.” घरी आल्यावर आईने भाकरी थापता थापता विचारले, “का नाही म्हणाला नाहीत?” बाबांनी चुलीतले लाकूड आत सारले. “माझ्या आजोबांना देवळातून कुणी हाकललं नव्हतं. ते आपण होऊन बाहेर पडले. शमुवेलच्या आजोबांना पायरीलाही शिवू दिलं नाही. मी त्याला ‘देऊळ ठेव’ म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?”

तेव्हा शमुवेलकाका आणि शास्त्रीबुवा समोरासमोर बसून दोन शब्द बोलले असते तर काय झाले असते, हा विचार आज इतक्या वर्षांनीही मला सोडत नाही. तेही त्या पायरीवरच घडू शकले असते. तसे कुणाच्या मनातही आले नाही.

बांधकाम सुगी उरकल्यावर निघाले. मंडळीतली सगळी माणसे राबत होती, आणि शमुवेलकाका सर्वांत जास्त. खांबाखांबांमधे विटांच्या भिंती चढल्या. छज्जा कापला. गावच्या गवंड्याला टोकदार कमान ठाऊक नव्हती. त्याने नेहमीसारख्या सरळ तुळया टाकून चौकोनी खिडक्या सोडल्या, आणि शमुवेलकाका जोडलेले हात वर धरून समोर उभे राहिले, तेव्हा त्यांच्याकडे पाहत पाहत त्याने वरून सिमेंटच्या कमानी काढल्या. मी नंतर वाचले, की खरी टोकदार कमान मोठे ओझे तोलून धरते. तिचे सौंदर्य त्या तोलण्यातच आहे. आमच्या कमानी काहीच तोलत नव्हत्या. छप्पर आपले त्या जुन्या काळ्या खांबांवरच होते, आणि खांब गिलाव्यात बुजवून त्यांना पांढरी सफेदी दिली होती. खिडक्यांना मात्र लाल-निळ्या काचा आल्या, आणि मी खोटे बोलणार नाही, पहिल्यांदा निळे ऊन माझ्या तळहातावर पडले तेव्हा मी हरखून गेले.

इटलीच्या चर्चना बाहेरून भिंतींचे टेकू असतात, ते आपल्यालाही हवेत, असे शमुवेलकाकांना वाटले. त्यांच्या पायासाठी तिन्ही बाजूंच्या पायऱ्या उकरल्या. फक्त पूर्वेला, दारापुरत्या राहिल्या. तो शनिवार होता. शास्त्रीबुवा नेहमीच्या वेळी छत्री घेऊन आले तेव्हा उत्तरेला पहारी चालल्या होत्या आणि पायरीचे दगड ओळीने बाजूला काढून ठेवलेले होते. ते त्या दगडांपाशी जाऊन उभे राहिले. मी पाय धुऊन आले होते. आई ताटात पेरू घेऊन आली होती. कुठे बसायचे हे आम्हा तिघांपैकी कुणालाच सुचेना. “आमच्या ओट्यावर बसता का?” आई म्हणाली. शास्त्रीबुवांनी आमच्या घराकडे पाहिले, आणि मग रस्त्याकडे. “आज राहू दे, करुणे,” ते म्हणाले. पेरू त्यांनी घेतला.

नवे चर्च देवाला वाहण्याच्या समर्पणविधीचा दिवस उजाडला. साताऱ्याहून, सांगलीहून पाळक आले. रूथ आली, तिची आत्येसासूही आली आणि या खेपेला चपला घालून सरळ आत गेली. “आता कसं चर्च वाटतंय!” असे ती म्हणाली तेव्हा शमुवेलकाकांचे डोळे भरून आले. मी तो चेहरा विसरलेले नाही, आणि त्यामुळेच माझा विषाद कधी रागात बदलू शकला नाही. गाव आले नाही असे नाही; पण दारापाशी येऊन, आत डोकावून, जरा रेंगाळून माणसे परत फिरत होती. उभे राहिले तर दार अडत होते. मेंढपाळ रस्त्यावरूनच शिखराला हात जोडून पुढे गेले.

विधी झाल्यावर आई दारात बुंदीचे लाडू वाटत उभी राहिली. तेवढ्यात शास्त्रीबुवा पूर्वेच्या पायऱ्या चढून आले. त्या बाजूने येताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिले नव्हते. त्यांनी चपला काढल्या, छत्री भिंतीला टेकवली आणि उंबऱ्यापाशी थांबले. बाबा झगा सावरत लगबगीने पुढे झाले. “या, शास्त्रीबुवा. आत या.” आईने चटकन ताटात एक केळे ठेवले आणि ताट पुढे केले. शास्त्रीबुवांनी केळ्याला हात लावला नाही. त्यांनी लाडू उचलला. आमच्या चुलीवरचा, आमच्या हातांनी वळलेला लाडू.

मग त्यांनी मान वर करून दारावरची ती टोकदार कमान निरखून पाहिली. “सुंदर आहे,” ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. थोड्या वेळाने, फक्त बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात, ते पुढे बोलले. मी बाबांच्या मागे होते म्हणून मलाही ऐकू आले. “पाळकसाहेब, आता दार झालं. आत यायचं की नाही, हे आता मला इथं उभं राहून ठरवावं लागेल. पायरीवर ते ठरवावं लागत नव्हतं. तिथं मी नुसता बसत होतो. अजून काही वर्षं बसलो असतो, तर कदाचित न ठरवताच आत आलो असतो.”

त्यांनी लाडू उपरण्याच्या टोकात बांधला, चपला घातल्या, छत्री घेतली आणि ते उतरून गेले. बाबा कमानीखाली उभे होते. आतून पेटीचा सूर लागला तरी ते वळले नाहीत.

त्यानंतर शास्त्रीबुवा आले नाहीत. पुढच्या वर्षी मी शिक्षणासाठी सांगलीला मावशीकडे गेले, आणि ते वारल्याचे सुट्टीत घरी आले तेव्हा कळले. आई शेंगा निवडत होती, आणि निवडता निवडता तिने ते सांगितले. देवळात बाबांचा आवाज भिंतींना लागून घुमू लागला होता, एका शब्दावर दुसरा शब्द चढे. हळूहळू त्यांनी कीर्तन सोडले आणि उभे राहून प्रवचन करू लागले. म्हशीसाठी आता थांबावे लागत नसे. ती ऐकूच येत नसे. गंगूआई मात्र आपल्या खांबाशीच बसे, आणि बसल्या बसल्या नखाने गिलावा खरवडी. ती गेली तेव्हा तिच्या डोक्याच्या उंचीला, तळहाताएवढ्या जागेत, आतला काळा दगड उघडा पडला होता.

गेल्या हिवाळ्यात शमुवेलकाकांचा नातू शांतवन मला सांगलीहून मोटारीने गावी घेऊन गेला. तो इंजिनिअर आहे. नव्या पिढीतल्या मंडळीला आता त्या भिंती नकोत. मूळ मंडप मोकळा करायचा आहे, फोटोंत तो फार छान दिसेल असे त्यांना वाटते. तो उघडा पाहिलेले आता मी एकटीच उरले आहे. काठी टेकत मी उत्तरेच्या बाजूला गेले. दोन टेकूंच्या मधे, गवतात, जुन्या पायरीचा एक दगड अजून जागच्या जागी होता. मी त्यावर बसले. आत शांतवनाची माणसे गात होती. भिंतीतून सूर आला, शब्द आले नाहीत.

“आज्जी, इथं कोण बसायचं?” त्याने विचारले.

“माझे गुरुजी.”

“मग आत का नाही बसायचे? जागा नव्हती का?”

त्याने ते अगदी निरागसपणे विचारले. त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. शमुवेलकाकांना याचा किती आनंद झाला असता, असे माझ्या मनात आले, आणि मी त्याला काहीच समजावून सांगितले नाही. “होती रे, जागा होती,” एवढेच म्हटले. तो खडूने दगडावर खूण करून मापे घेऊ लागला. मी माझ्या शेजारी, जिथे छत्री आडवी असे तिथे, हात ठेवून बसून राहिले. तो लाडू शास्त्रीबुवांनी खाल्ला, की वाटेत कुठे गाईपुढे ठेवला, हे मला आजही ठाऊक नाही.